कोपऱ्यातलं निळं पाणी

“मागे घ्या, मागे घ्या!” लाँचवरचे पाहुणे एका सुरात ओरडत होते, जसं काही ती चालवणाऱ्या मामांनी मुद्दाम पुढे घातली होती. इंजिन घरघरत होतं, पंख्यामागून काळा चिखल उसळत होता आणि लाँच हट्टी म्हशीसारखी बसल्या जागची हलत नव्हती.

नवा धक्का कुठे बांधायचा ते दाखवायला साहेबांनी पाहुण्यांना तळ्यावर आणलं होतं. साहेबांच्या हातात तळ्याच्या तळाचं त्रिमिती चित्र होतं. उथळ तिथे पिवळं, खोल तिथे निळं, आणि वरून समान खोलीच्या सुबक रेषा. लाँच रुतली होती तो कोपरा चित्रात गडद निळा होता.

“मामा, इथे किती खोल मोजलं होतंत?” साहेबांनी विचारलं.

लाँच चालवणं आणि तळ्याची खोली मोजणं, दोन्ही मामांचंच काम. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत, पण खरा भाचा एकच, तो म्हणजे रंगारी. हे चित्र त्यानेच संगणकावर काढलेलं. दिवसभर रंग भरत बसतो म्हणून ऑफिसने त्याला ते नाव ठेवलं होतं. शिकायला म्हणून मामाकडे आला तो राहिलाच. नोकरी लागली, कपाळ मागे सरकत डोक्याच्या मध्यावर आलं, तरी गडी अजून मामीच्याच हातचं जेवत होता.

मामांनी चित्र पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं.

“निळं आहे म्हणजे मोजलंच असणार,” ते हळूच म्हणाले. “माप चुकलं असेल माझं. वय झालं, साहेब.”

रंगारी त्यांच्या मागेच उभा होता. त्या कोपऱ्यात एकही माप घेतलेलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात चिखलात उतरलेल्या एका पाहुण्याचा बूट आतच राहिला, नुसता मोजा घातलेला पाय वर आला आणि सगळे हसले. रंगारीही हसला. पुढे त्याला जास्त लाज वाटली ती त्या हसण्याची.

झालं होतं ते असं. मामा तळ्यात दोरीला शिशाचं वजन बांधून खोली मोजत आणि जागेसकट फोनवर सांगत. रंगारी ऐकून थेट संगणकात घाली. आता तळं म्हणजे काही चौकटीची वही नव्हे. बोट जाईल तिथे माप, नाही जाणार तिथे नाही. कुठे ठिपक्यांची दाटी, कुठे शुकशुकाट. संगणक जवळजवळच्या तीन ठिपक्यांचा एक त्रिकोण करतो, असे त्रिकोण जोडत जातो आणि त्यांच्यावरून रेषा ओढतो. दोन ठिपके फार लांब असतील तर जोडू नकोस, असं त्याला बजावून ठेवावं लागतं. नाहीतर तो बिचारा काहीही जोडतो, त्याला काय कळतंय!

रंगारीने आधी तसं बजावलं होतं. कोपऱ्यात मापंच नव्हती, त्यामुळे चित्रात तिथे पांढरं भोक राहिलं. ते पाहून साहेब म्हणाले, “हे काय? पाहुण्यांपुढे असं भोकाचं तळं ठेवायचं?” रंगारीने अंतराची मर्यादा सैल केली. कोपऱ्याच्या अलीकडे पाणी खोल होतं, पलीकडे ओढा मिळतो तिथेही खोल. संगणकाने दोन्हींना लांबच लांब त्रिकोणांनी जोडून टाकलं. भोक बुजलं आणि त्यावरून इतक्या सुंदर रेषा वळल्या, की ‘इथे माप नाही’ हे सांगायचं रंगारीच्या जिवावर आलं. साहेबांनी पाठ थोपटली. त्याला ती शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोला?

रात्री मामा ताटावर नुसतेच बसून राहिले.

“अहो, घास घ्या ना,” मामी म्हणाली.

“मला काय वाटतं सांगू?” मामा म्हणाले. “मला वाटतं, मी त्या कोपऱ्यात गेलोच नव्हतो. पंख्यात गवत अडकलं आणि मी बाहेरूनच फिरलो. स्पष्ट दिसतंय मला. पण चित्रात तर पाणी आहे! म्हणजे न झालेलंच मला दिसायला लागलं.” मग रंगारीकडे वळून ते म्हणाले, “काय रे, तुला फोनवर काही बोललो होतो का मी? गवताबिवताचं?”

बोलले होते. ‘तिकडे फार गवत आहे, आत गेलो नाही, तेवढं ध्यानात ठेव,’ असं चांगलं दोनदा बोलले होते.

“आठवत नाही, मामा,” रंगारी म्हणाला.

मामीचा हात भांड्यातच थांबला. मामांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ते, आणि शेवटी बायकोलाच ‘बाई, आपण कोण?’ असं विचारायला लागले. सकाळी रंगारी उठून पाहतो तर मामीने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. साखर. मीठ. मामांच्या औषधाच्या बाटलीवर ‘सकाळी’. आणि मामा चष्मा लावून त्या एकेक करून वाचत होते, पहिलीतल्या पोरासारखे.

“लाँचची किल्ली आज देऊन टाकतो,” ते म्हणाले. “माणसं असतात रे वर. एखाद्या दिवशी घालीन कुणाला पाण्यात.”

रंगारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात मामांनी किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली, तोच रंगारी आत शिरला. त्याचे कान तापले होते. साहेबांच्याच संगणकावर त्याने चित्र उघडलं, रंग काढले, रेषा काढल्या आणि नुसते ठिपके ठेवले. कोपऱ्यात एकही ठिपका नव्हता.

“इथे मापच नाही,” तो म्हणाला. “मामांनी मला फोनवर सांगितलं होतं, आत गेलो नाही म्हणून. मीच भोक बुजवलं. साहेब, तुम्हाला ते नको होतं...”

“मी भोक नको म्हटलं,” साहेब म्हणाले. “तळं खोल कर असं म्हटलं नव्हतं.”

साहेब लबाड असतील, पण हे खरं बोलले होते.

मामा पडद्याजवळ आले. रिकाम्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“म्हणजे गवत होतं?”

“होतं, मामा.”

“आणि मी तुला सांगितलं होतं?”

“दोनदा.”

“मग मी विसरलो नव्हतो!” मामा एवढ्या मोठ्याने म्हणाले, की बाहेरचे कारकून डोकावले. त्यांचे डोळे भरून आले होते. “विसरलो नव्हतो मी!” त्यांनी किल्ली उचलून खिशात टाकली. मग त्यांचं बोट पडद्यावरून खाली आलं आणि ते भाच्याकडे पाहत राहिले. “आणि काल रात्री तुला आठवत होतं?”

रंगारीने होकारार्थी मान हलवली. मामांनी एक शिवी हासडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. पण ते बाहेर निघून गेले.

चिठ्ठ्या मामांनी स्वतः काढल्या, पाण्याने भिजवून, डबे पुसून. मामी दोन दिवस रंगारीला फक्त ‘वाढू का?’ एवढंच विचारत होती.

तिसऱ्या दिवशी ते दोघं त्या कोपऱ्याचं माप घ्यायला गेले. पंख्याची बोट चालणार नव्हती म्हणून छोटी होडी घेतली. मामा बांबूने गवत बाजूला सारत होडी रेटत होते, रंगारी पुढे कागद घेऊन बसला होता. मामांनी बांबू तळाला टेकवला.

“दोन हात.”

रंगारीने लिहिलं.

“दाखव,” मामा म्हणाले.

त्याला आधी कळलंच नाही. इतकी वर्षं मामा फोनवर आकडे सांगत आले होते. काय लिहिलंस, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मामा बांबूला धरून वाट पाहत उभे होते. रागाने नाही, अगदी साधेपणाने.

रंगारीने कागद वळवून त्यांच्यासमोर धरला. मामांनी चष्मा लावला, आकडा वाचला, मान डोलावली आणि होडी पुढे रेटली.

“दीड हात.”

रंगारीने लिहिलं, आणि या वेळी न सांगता कागद वळवून धरला.