पाच दिवसांचं दावं

ऋषिपंचमीच्या दुपारी भिंगरीला साप चावला. दिवे लागले तेव्हा ती गेली. तिला मी बांधलं होतं.

भिंगरी फॉक्स टेरियर होती. धाकट्या भावाने गोव्याहून आणलेलं ते ओंजळीएवढं पांढरं पिल्लू आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मांडीवर ठेवलं आणि तो नोकरीवर परत गेला. डाव्या डोळ्याभोवती तेवढा सुपारीच्या रंगाचा डाग. आई गेल्यापासून वेंगुर्ल्याच्या या घरात आबा आणि मी दोघंच, आणि दोघंही मितभाषी. आमच्या शांततेला तिने पहिल्याच दिवशी भोक पाडलं आणि मग त्यातून ती वर्षानुवर्षं ये-जा करीत राहिली.

तिच्या जातीविषयी मी पुस्तकात वाचलं. बिळातल्या सावजामागे जमिनीत शिरावं म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेलं हे जनावर. त्याला रोज दोनदा पळवावं, काम द्यावं, बांधून मात्र ठेवू नये. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ती वर्तुळं काढीत धावे, कुर्ल्यांच्या बिळांत नाक खुपसून शिंके. घरी आल्यावर गोड्या पाण्याने तिच्या अंगावरचं मीठ उतरवायचं, कान उलटून गोचीड शोधायची, राठ ब्रशने केस विंचरायचे. वेणी घालून घेणाऱ्या हट्टी मुलीसारखी ती तोंड फिरवून हे सारं सोसायची.

पण तिचं खरं रूप ऐकताना दिसे. एक पाय उचललेला, मान किंचित कलती, श्रावणातलं तिरपं ऊन पाठीवर थबकलेलं. भिंतीपलीकडे उंदराने कूस बदलली तरी तिच्या अंगातून एक लहर वाहत जाई, जशी वारा येण्याआधी भाताच्या शेतातून जाते. आबा हसत म्हणत, "आयकता कशी बघ गो! जसो काय रेडिओ लागलो आसा."

आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा. मूर्तीच्या वर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, बांधून तिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळं टांगतात. त्या फळांच्या वासाने उंदीर येतात, आणि देवाचं वाहन म्हणून त्या दिवसांत त्यांना कोणी मारत नाही. चतुर्थीच्या सकाळी शेजारच्या काकी दुर्वा घेऊन आल्या, तेव्हा भिंगरी माटवीकडे टक लावून बसली होती.

"काय गो, ह्या तुज्या भिंगरीक पाच दिवस उपास धर म्हणान सांग," त्या म्हणाल्या. "नायतर गणपती चलत जायत घराक!"

आबाही हसले. मग म्हणाले, "बांधून घाल गो तिका. पाच दिवसांनी सोड."

पुस्तकातलं वाक्य मला आठवत होतं. पाचच तर दिवस, असं मनाशी म्हणत मी मागच्या पडवीच्या खांबाला दावं आवळलं. तिने ते हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, नुसता प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना झांजांच्याही वर तिचं भुंकणं येत होतं. उंदीर दिसला असेल, असं वाटून मी टाळ्या वाजवीत राहिले. उंदरामागून घोणस आली होती. मोकळी असती तर भिंगरी क्षणात बाजूला उडाली असती. तेवढी चपळाई तिच्या रक्तातच होती. पण दावं खांबाभोवती गुंडाळून गुंडाळून वीतभर उरलं होतं. जनावरांचे डॉक्टर चतुर्थीसाठी आपल्या गावी गेलेले. आबांनी तिला मांडीवर घेतलं, आणि तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होणारा त्यांचा हात हळूहळू स्थिर झाला.

यंदाची चतुर्थी तिच्याविना झाली. भाऊ दुसरं पिल्लू आणतो म्हणाला. आबांनी मान हलवून नको म्हटलं. विसर्जनानंतर रिकाम्या चौरंगासमोर आम्ही दोघं बसलो असताना मी एवढंच म्हणू शकले, "आबा, मी जर त्या दिवशी..."

"तू कित्या गो? सांगलंय तर मी," ते म्हणाले, आणि चष्मा पुशीत राहिले.

आठवण दोघांत वाटून घेता येते. अपराध तसा वाटला जात नाही. तो ज्याच्या त्याच्याकडे पुराच राहतो. सांगणारे आबा आणि बांधणारी मी, असे दोघे या घरात उरलो आहोत.