मी नाय

ट्रे पडला तो परेशभाईंच्या कोपराने. चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमी फरशीवर लाह्यांसारख्या उडाल्या, आणि आतल्या खोलीतून, पडदासुद्धा न हलता, आवाज आला,

"मी नाय."

दुकानात हशा पिकला. काउंटरवरची दिपिका तर हसून हसून खुर्चीत बसली. "हरेशदादा, ट्रे बाहेर, तुम्ही आत. तुमचा हात काय भिंतीतून येतो?"

"सवय गो," म्हणत हरेश बाहेर आला, उकिडवा बसला आणि फ्रेमी वेचू लागला. तोही हसत होता. या हसण्याचा त्याला कधी राग आला नाही. पनवेलला उरण नाक्यावरच्या या दुकानात तो चष्म्याच्या काचा बसवायला लागला तेव्हा मिसरूड फुटत होतं. आता कानाजवळ एखाददुसरा केस पिकला होता. तरी पंखा खरखरो, दिवे जावोत, समोरच्या हॉटेलात कपबशी फुटो, पहिला शब्द त्याचाच. दुकानाचे मालक परेशभाई गिऱ्हाइकांना सांगत, "आपल्याकडे काय पण पडू दे. कोणी पाडलं ते मागाहून कळतं, कोणी नाही पाडलं ते आधी."

गंमत अशी की हरेशच्या हातून कधीच काही पडत नसे. काच साणेवर घासून फ्रेमच्या खाचेत तो अशी बसवी, की फूल देठावर बसावं. गिऱ्हाइकं म्हणत, याच्या हातात देव आहे. हरेशला ठाऊक होतं, हातात देव नाही, भय आहे. पण भयसुद्धा वर्षानुवर्षं नांदलं की घरचं माणूस होतं. पडेल ते काम करतं, पोटाला घालतं, आणि कोपऱ्यात गुपचूप निजतं.

परेशभाईंनी त्याला पुढे बसायला सांगून पाहिलं होतं. "आता गिऱ्हाईक तू बघ, काचा नवीन मुलगा घासेल." हरेश नको म्हणाला. पुढे बसलं की माणसं विचारणार, हे असं का झालं, हे कुणी केलं. पडद्यामागे काच काही विचारत नाही.

तो शब्द आला होता खाडीकाठच्या गावातून. हरेशचा बाप धर्मराज मिठागरावर राबे. खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याच्या टाचांना भेगा, वर उन्हाने टाळू तापलेली, आणि घरात बायको नाही. ती हरेश रांगता असतानाच गेली. संध्याकाळी धर्मराज उंबऱ्यातून आत आला की त्याच्याआधी त्याचा प्रश्न आत येई, "कोनी केला?" हंडा कलंडला, कोनी केला? कोंबडी ओटीवर घाण करून गेली, कोनी केला? उत्तर कुणी काही का देईना, वळचणीला निरगुडीचा फोक खोचलेलाच असे. थोरला भाऊ बळीराम पायाने चपळ, तो शेताच्या बांधाने निसटायचा. हरेश सापडायचा.

तो दुसरीत असताना एका संध्याकाळी वीज गेली. ओटीवर कंदील होता. उंदरामागे धावणाऱ्या मांजरीचा धक्का लागून तो पडला, काच खळ्ळकन फुटली. मांजर पळून गेली. हरेश तिथेच उभा राहिला, कारण त्याने काही केलंच नव्हतं. "मी नाय बाबा, मी नाय," तो म्हणत राहिला. धर्मराजाने मारलं, तसा तो त्याच काचांवर पडला. डाव्या भुवईवर तांदळाच्या दाण्याएवढा वण राहिला.

खरं बोललं तरी मार, खोटं बोललं तरी मार, तेव्हा 'मी नाय' हे ना खरं उरलं, ना खोटं. ते पावसात डोक्यावर धरलेल्या तळव्यासारखं झालं. त्याने भिजायचं थांबत नाही, पण हात आपोआप वर जातो.

शाळेत कुणाची पट्टी हरवली, की बाईंनी विचारायच्या आत हा उभा राहून म्हणे, मी नाय. मग बाईंना वाटे, हाच. बारावीनंतर तळोज्याच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला. समोरच्या साहेबाच्या हातून पेन खाली पडलं. हरेश बोलून गेला. साहेब चष्म्यावरून पाहत राहिला, आणि ती नोकरी त्या पेनाबरोबर टेबलाखाली गेली.

पण नशीब एका दाराने गेलं की दुसऱ्या दाराने येतं म्हणतात, ते त्याच्या बाबतीत खरं झालं. त्याला रंजिता मिळाली. करंज्याच्या कोळ्यांची लेक, आवाज खणखणीत, हसली की शेजारच्यांना कळायचं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तो सासुरवाडीला गेला. सासू गंगाबाईंच्या हातून लोणच्याची बरणी निसटली आणि ओसरीभर खार झाला. कोपऱ्यात पाटावर बसलेला जावई म्हणाला, "मी नाय."

सगळ्यांनी वळून जावयाकडे पाहिलं. मग गंगाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जावय, तुजा नाव कुनी घेतला? बरनी मी फोरली. गेली पिडा."

"गेली पिडा," आतून मेहुणा बोलला. "गेली पिडा," चुलीपाशी बसलेली म्हातारी आत्या बोलली. त्या घराची रीतच तशी. काही फुटलं की सगळ्यांनी एका तोंडाने म्हणायचं, गेली पिडा. घरावर येणार होतं ते काचेवर गेलं. मग गंगाबाई काचा झाडता झाडता गुणगुणल्या,

फुटला गो पेला, त्याची झाडून टाक माती
लेकराच्या डोल्यांतली नको इजू देऊ ज्योती

हरेश मोरीत गेला, नळ सोडला, आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभा राहिला. एकाच खाडीच्या दोन काठांवरची ही दोन घरं. एकात काही फुटलं की विचारत, कोनी केला. दुसऱ्यात फुटलेल्याला निरोप देत. त्याला वाटलं, आपण चुकीच्या काठावर जन्मलो एवढंच.

आता विचुंब्याला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. गॅलरीत तुळस, मिरची, आणि रंजिताने करंज्याहून आणलेला अबोलीचा वेल. लेक रिया बालवाडीत जाऊ लागली होती. हरेशने तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. दुकानातून येताना तो स्कूटर गेटपाशीच बंद करी आणि ढकलत आणी, कारण आपल्या बापाच्या पावलांची चाहूल त्याला आठवे. संसार गोड चालला होता. त्याला आणखी काही नको होतं.

ट्रे पडला त्या शनिवारी संध्याकाळी तो घरी आला, तर रंजिता भात उपसत होती आणि रिया जमिनीवर पालथी पडून मासा रंगवत होती. ओट्यावरून कुकरचं झाकण घरंगळलं आणि ठणाण वाजलं.

"मी नाय," रिया म्हणाली.

आणि नुसती म्हणाली नाही. तिने कोपर उचलून डोळ्यांपुढे धरलं.

रंजिता हसली. "बाय माजे, झाकन माज्या हातचा परला, तू कशाला घाबरतंस?" मग तिने हरेशकडे पाहिलं आणि तिचं हसू ओठातच राहिलं. तो चपला काढायचा विसरून दारात उभा होता.

"कुनी मारला तिला?" त्याने विचारलं.

"कोन मारेल? शाळंत पन नाय. तिच्या बाई तर तिला मांडीवर घेऊन बसतात."

"मंग हात?"

रंजिताने झाकण उचलून ओट्यावर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "अवो, तुमी पन तसाच हात धरता. तुमाला ठावं नाय?"

त्याला ठाऊक नव्हतं. शब्द ठाऊक होता. हाताचं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मार दिला नाही तर मार पुढे जात नाही, असा त्याचा हिशेब होता. पण हे तर खाऱ्या पाण्यासारखं निघालं. बांध घातला तरी खालून पाझरतं आणि शेजारचं शेत खारं करतं. रियाच्या डोळ्यांसमोरचं ते इवलं कोपर त्याला पुसता येईना. तिला कोणता शब्द लागणार, आपल्याकडचा की तिच्या आजीकडचा, एवढंच आता त्याच्या जिवाला लागलं.

"उद्या बाबा येतील चष्म्याला," तो म्हणाला. "तिला जरा तुज्याजवल ठेव."

"आजा हाय तिचा. वाघ नाय," रंजिता म्हणाली. "आनि वाघाचे दात आता परले."

धर्मराजाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना उलटला होता. गावाची जमीन विमानतळात गेली, ती ओटी, ती वळचण, सगळं बुलडोझरखाली सपाट झालं, आणि म्हातारा बळीरामकडे नव्या वसाहतीत राहायला गेला. रविवारी सकाळी हरेश त्याला स्कूटरवरून घेऊन आला. सगळी वाट म्हाताऱ्याने मागून त्याचा खांदा घट्ट धरला होता. ज्या हाताची पूर्वी सावली पडली तरी हरेश दचके, तो हात आता पाखरासारखा हलका लागत होता.

घरी आल्यावर हरेशने खिशातून डबी काढली. काचा त्याने स्वतः घासल्या होत्या, कडा पुन्हा पुन्हा बोटाने तपासून. त्याने चष्मा बापाच्या नाकावर चढवला, काड्या कानामागे सारख्या केल्या.

"बगा बाबा, दिसतं?"

धर्मराज आधी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघत राहिला. मग गॅलरीतल्या अबोलीकडे. मग दारामागून डोकावणाऱ्या रियाकडे. "आयला," तो म्हणाला, "पोरीच्या गालावर खली परते. मना ठावंच नाय." रिया लाजून आत पळाली, आणि लगेच परत येऊन त्याच्या गुडघ्याला टेकली. म्हातारा हसला. सगळे हसले. रंजिताने चहा ठेवला, हरेशने बापासाठी काचेच्या पेल्यात पाणी आणलं.

तो वाकून पेला पुढे करत होता, तेवढ्यात धर्मराजाने मान तिरपी करून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नव्या काचेतून, अगदी जवळून.

"ह्यो भुवईवर कसला वन रे? कवा लागला?"

हरेशचा हात तसाच राहिला. "लानपनी. कंदिलाची काच लागली."

"कंचा कंदील?"

"ओटीवरचा. वीज गेलीवती तवा."

म्हातारा आठवू लागला. कपाळावर आठ्या आल्या, मग विरल्या. "हां, तो," तो सहज म्हणाला. "तो तर मांजरीनं पारलावता. मी बगितलावता ना, बाहेरून येता येता."

पेला निसटला.

ज्या हातून आजवर एक काच पडली नाही, त्या हातून तो पडला आणि लादीवर चूर झाला. पाणी सरकत रियाच्या पावलांपर्यंत गेलं. रियाचं कोपर वर यायला लागलं होतं, पण ते अर्ध्यात थांबलं, कारण या वेळी तिला दिसलं होतं कुणी केलं ते. ती बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली. असं झाल्यावर काय म्हणतात, ते तिला ऐकायचं होतं.

हरेशच्या ओठांवर शब्द आला होता. इतक्या वर्षांची वाट त्याच्या पायाखालची. म्हणजे बापाला माहीत होतं. फोक उपसला तेव्हाही माहीत होतं. त्याने बापाकडे पाहिलं. म्हातारा खुर्चीच्या कडेला सरकला होता, मान खांद्यात गेलेली, आणि त्याचाही हात डोळ्यांपुढे येऊ पाहत होता, तसाच, कोपर पुढे करून. कुणी मारला होता याला? केव्हा? विचारायला आता त्याच्या लहानपणचं कुणीच उरलं नव्हतं.

हरेशने श्वास घेतला. "मी," तो म्हणाला. "माज्या हातून फुटला, बाय. मी फोरला."

आतून, चहा गाळता गाळता, रंजिता म्हणाली, "गेली पिडा."

"गेली पिडा," रिया म्हणाली. तिला ते बोलणं आवडलं असावं. तिने ते पुन्हा म्हटलं, दोन्ही हात हवेत उडवून.

हरेश झाडू आणायला वळला. मागे खुर्ची करकरली. धर्मराज उठला होता. "पोर अनवानी हाय," तो म्हणाला, "बाय, तू थांब तितंच, हलू नको." आणि मिठागरावर बसायचा तसा उकिडवा बसून तो एकेक काच वेचू लागला, रियाच्या पावलांपासून सुरुवात करून. चिमटीत धरलेली प्रत्येक बारीक कणी तो उजेडाकडे नेऊन पाही, मिठाचा खडा पाहावा तशी, आणि डाव्या तळहातावर ठेवी.

हरेश झाडू हातात घेऊन उभा राहिला. घाई नव्हती. म्हाताऱ्याला आता लख्ख दिसत होतं.