विकलेली घाई

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. तुमच्या शाळेच्या कोठीत, मोडक्या बाकांच्या आणि फाटक्या नकाशांच्या मध्ये माझा मुक्काम आहे. तुम्ही बॅट घ्यायला येता, तेव्हा कोणीतरी माझ्या धुळकट काचेवर बोटाने आपले नाव लिहून जाते. त्याचा मला राग नाही. माझा राग निराळा आहे, आणि तो गिळून गिळून मी थकलो आहे. म्हणून आज सांगतो.

माझी जुळणी पुण्यातली. अंगातले भाग कुठून कुठून समुद्रापलीकडून आलेले. माझ्यात पहिल्यांदा वीज सोडली आणि काळ्या काचेवर हिरवी अक्षरे उमटली, तेव्हा जुळणाऱ्या माणसाने नुसते "चला, हा झाला" म्हटले आणि तो चहाला गेला. एवढेच माझे बारसे. पण १९९० च्या हिवाळ्यात गादीत गुंडाळून मला जीपमधून फैजपूरकडच्या एका गावात आणले, तिथे मात्र माझे स्वागत नवरीसारखे झाले. गावाचे नाव सांगत नाही. पुढे सांगतो त्या भांडणातली माणसे अजून एकमेकांच्या दारावरून तोंड फिरवून जातात.

ते गाव केळीचे, आणि मी तिथल्या केळी विकणाऱ्या सहकारी संस्थेत आलो. माझ्या कपाळी कुंकू लावले, खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. मला आणणारा माणूस म्हणजे संस्थेचे चेअरमन शालिग्रामभाऊ. उंच, पांढरे धुतलेले कपडे, आवाज असा की मागच्या रांगेतल्याला माइक लागत नसे. त्या दिवशी ते लोकांना म्हणाले, "केळीले थांबता येत नही. व्यापाऱ्याले येते. सारा धंदा इतकाच आहे."

खरेच इतकाच होता. घड एकदा भरला की चार दिवसांत कापावा लागतो, नाहीतर केळी झाडावरच पिवळी पडते आणि मातीमोल होते. तालुक्याचा मोठा व्यापारी बन्सीलाल. त्याची माणसे गावोगावच्या बांधांवरून फिरत, घडांची बोटे दाबून बघत आणि कोणाची बाग अडली आहे ते मालकाला कळवत. मग बन्सीलाल फक्त थांबे. दिल्लीचा भाव पडला आहे, ट्रक नाहीत, उद्या बघू, असे म्हणे. बागवाल्याला फक्त स्वतःची बाग माहीत असे आणि बन्सीलालला सगळ्यांच्या. त्याच्या जोराचे मूळ त्याच्या तिजोरीत नव्हते, मित्रांनो, या माहितीत होते.

शालिग्रामभाऊंनी हे ओळखले होते. आसपासच्या गावांतल्या प्रत्येक बागवाल्याने लागवड कधी केली, खोडे किती, कापणी कोणत्या आठवड्यात येईल, हे संस्थेला सांगायचे. ते सगळे माझ्यात भरायचे. मग कोणाची बाग कधी कापायची, ट्रक केव्हा सांगून ठेवायचे, कोणत्या शहराला किती माल पाठवायचा, हे संस्था आधीच ठरवणार होती.

मला चालवायला कुंदाबाई आली. फैजपूरच्या कॉलेजात बी. कॉम. झालेली आणि जळगावला संगणकाचा कोर्स केलेली. गावातल्या सुपडूआबांची ती सून. पाठ ताठ ठेवून बसायची, आणि चुकले की स्वतःलाच हळू आवाजात रागवायची. तिची सगळ्यात अवघड लढाई माझ्याशी नव्हती, घरातच होती. सुपडूआबा खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले होते, "माही बाग कधी पिकते हे मी सख्ख्या भावाले सांगत नही. अन् ह्या डब्याले कामून सांगू?"

सगळ्या गावाचा प्रश्न तोच होता. कुंदाबाईने त्याला एकच उत्तर दिले. ती घरोघर गेली आणि म्हणाली, तुमची माहिती या खोलीच्या बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द. लोकांनी माझ्यावर नाही, त्या शब्दावर विश्वास ठेवला. शेवटी आबांनीही ठेवला. सून असली तरी आधी तिच्या तोंडून तो शब्द दोनदा वदवून घेतला, आणि मगच बागेची माहिती दिली.

पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापायची, वीज लपंडाव खेळायची, पण मी चाललो. बन्सीलालने दिल्ली पडल्याचे सांगितले की संस्था कानपूरला फोन लावी, आणि ट्रक तिकडे निघून जात. कोणाची बाग अडतच नव्हती, मग तो अडवणार कोणाला? एकदा तो स्वतः संस्थेच्या बाकावर येऊन बसला आणि माल मिळेल का, असे विचारू लागला. तेव्हा बाहेर उभी असलेली माणसे एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. जळगावच्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला. माझ्या शेजारी शालिग्रामभाऊ हार घालून उभे होते. कुंदाबाई फोटोत नव्हती, तिला छापखान्याने कडेला कापले होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात सगळे फिरले.

आधी ट्रक मिळेनासे झाले. ज्या आठवड्यात सर्वांत जास्त माल निघणार, नेमक्या त्याच आठवड्याचे ट्रक बन्सीलालने आधीच अडवून ठेवलेले असत. मग त्याची माणसे बांधांवर दिसू लागली, पण आता ती घड दाबून बघत नव्हती. सरळ त्याच बागेत शिरत, जिची मुदत संपत आली आहे, आणि अर्धा भाव सांगत. ज्याच्या बागेला अजून दम होता, त्याच्याकडे ती ढुंकूनही बघत नसत. लोक घाबरले. बाग पोसायच्या आतच कापू लागले. ज्याची ओळख मोठी, तो संस्थेचे उरलेसुरले ट्रक ओढून नेऊ लागला. मी ठरवून दिलेली पाळी कोणी विचारीना.

झुंबरबाई म्हणून एक बागवाली होती. नवऱ्यामागे बाग तिने एकटीने वाढवलेली. तिच्याकडे आलेला अर्धा भाव तिने नाकारला, आणि तिला ट्रक मिळाला नाही. बाग झाडावरच पिकली. एका दुपारी ती पिवळाजर्द घड डोक्यावर घेऊन आली आणि चपला न काढता आत येऊन तो तिने कुंदाबाईच्या टेबलावर ठेवला. पिकलेल्या केळ्यांचा गोड वास खोलीभर पसरला. आजवर मी त्या वासाला कधी भ्यालो नव्हतो.

"कुंदे," ती म्हणाली, "तू म्हने, हे खोलीच्या बाहेर जानार नही. मंग बन्सीलालच्या मानसाले माह्या बांधाचा रस्ता कोनं दाखोला?"

त्या दिवसापासून गाव तिच्यावर उलटले. तिने व्यापाऱ्याला माहिती पुरवली, असे उघड बोलू लागले. पाण्याच्या नळावर बायका तिची घागर आली की आपल्या घागरी बाजूला ओढत. घरात सुपडूआबांनी तिच्याशी बोलणे टाकले. ती वाढायला आली की ते ताटावरून हात उचलून बसत. हे सगळे ती मला सांगत नसे, पण तिची बोटे कळांवर ज्या जोराने आपटत, त्यावरून मला ते कळत असे.

शेवटी ती उठून बन्सीलालच्या पेढीवर गेली. उरलेल्या बागा तरी बऱ्या भावाने घे, असे सांगायला. तिथे तिला कोपऱ्यात माझ्यासारखाच एक नवा संगणक दिसला. त्याच्या काचेवर तिनेच केलेल्या रकान्यांत तिनेच भरलेली नावे होती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तिने विचारले, हे चोरलेत कुठून? बन्सीलाल हसला नाही की दचकला नाही. म्हणाला, चोरी कसली, तुमच्या भाऊंनी दिली.

आता तुम्हाला सांगायला हवे. दर सोमवारी कुंदाबाई माझ्यातली सगळी माहिती एका फ्लॉपीत उतरवून शालिग्रामभाऊंच्या हातात देत असे. फ्लॉपी म्हणजे माहिती साठवायची पातळ चकती. माझे काही बिघडले तर माहिती बुडू नये, म्हणून ती जळगावला बँकेत ठेवतो, असे ते सांगत. चेअरमनवर संशय कोण घेणार?

ती परत आली तेव्हा भाऊ माझ्यासमोरच बसले होते. तिने दार लावून घेतले आणि विचारले. भाऊंनी नाकारले नाही. त्यांना त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसतच नव्हते. त्यांनी तिला समजावले, की बन्सीलालने वर्षभराचा सगळा माल उचलायचे कबूल केले होते, फक्त कधी किती येणार ते त्याला आधी कळायला हवे होते. एक मोठे गिऱ्हाईक बांधून घेतले असते तर बाकीचे दहा लुबाडणारे व्यापारी आपोआप मागे फिरले असते. असा करार जिल्ह्यात कोणी केला नव्हता. त्यांचे नाव झाले असते, आणि जिल्ह्याची निवडणूक जवळ आली होती. बन्सीलालने शब्द फिरवला, यात त्यांचा काय दोष?

"एक रुपया घेतला असेल तर सांग," ते म्हणाले.

"रुपया घेतला असता तर बरं झालं असतं," कुंदाबाई म्हणाली. "तुम्ही त्याला माल नाही विकला, भाऊ. तुम्ही आमची घाई विकली."

भाऊंचा चेहरा काळा पडला. त्यांनी तिला सांगितले, की उद्या किल्ली जमा कर, गावाला काय सांगायचे ते मी सांगेन. म्हणजे दोष तिच्यावरच राहणार, हे मलाही समजले. ते निघून गेले.

कुंदाबाई माझ्यासमोर येऊन बसली. मग तिने छपाई सुरू केली. माझा प्रिंटर करवतीसारखा ओरडत होता आणि कागद जमिनीवर घड्या घालत पडत होता. प्रत्येक बाग, प्रत्येक मालक, कोण किती दिवस थांबू शकतो, कोणाला ट्रक मिळाला आहे आणि कोणाला नाही. सकाळी तिने ते सगळे संस्थेच्या बाहेरच्या भिंतीवर खळ लावून चिकटवले. ज्या माहितीसाठी शब्द दिला होता, ती तिने चव्हाट्यावर मांडली. सगळ्यात वर तिच्या सासऱ्याची बाग होती.

खिडकीतून मला गर्दी दिसत होती. लोक खवळले होते. माझी बाग भिंतीवर लावायचा अधिकार हिला कोणी दिला, असे एकाने ओरडून विचारले. कोणी कागद फाडायला हात घातला. कुंदाबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बन्सीलालने हे आधीच वाचलंय. ज्यांच्या बागा आहेत, त्यांनीच फक्त वाचलं नाही. आधी वाचा, मग फाडा."

मग लोक वाचू लागले. शेजाऱ्याची बाग वाचू लागले, आणि आवाज बसत गेला. ज्यांना ट्रक मिळाले होते, त्यांतल्या कितीतरी बागांना अजून दम होता. भीतीपोटी त्यांनी ट्रक अडवले होते. ज्यांच्या बागा आज-उद्यावर आल्या होत्या, ते रिकाम्या हाताने बन्सीलालच्या अर्ध्या भावाची वाट बघत होते. झुंबरबाईची नदीकडची दुसरी बाग त्यांतच होती.

सुपडूआबांनी चष्मा वर करून आपली ओळ वाचली, मग झुंबरबाईची. सुनेकडे त्यांनी बघितलेही नाही. रागातच म्हणाले, "माह्या बागेले आठ दिवस दम आहे. माहा ट्रक झुंबरबाईच्या बागेत लावा."

त्यांच्यामागून काही जण पुढे झाले. सगळे नाही. दोघे-तिघे तर मुकाट्याने घरी निघून गेले आणि त्यांनी आपले ट्रक सोडले नाहीत. पण पुरेसे सुटले. दुसऱ्या दिवशी बन्सीलालची माणसे अडलेल्या बागांत गेली, तर तिथे नुसती खोडे उभी होती. ज्यांच्याकडे माल उरला होता, ते म्हणाले, आम्हाला घाई नाही. आठवडा संपायच्या आत भाव वर आला. झुंबरबाईची पहिली बाग मात्र गेली ती गेलीच.

नंतर सभा भरली, माझ्या शेजारच्या दालनात. कुंदाबाईने सोमवारच्या फ्लॉपीची गोष्ट तिथे उघड सांगितली आणि शालिग्रामभाऊंना राजीनामा द्यावा लागला. मी आनंदलो होतो, तेवढ्यात दुसरा ठराव आला. न विचारता लोकांची माहिती भिंतीवर लावल्याबद्दल कुंदाबाईला कामावरून काढावे. तो मंजूर झाला. झुंबरबाईचा हात वर नव्हता, सुपडूआबांचाही नव्हता. पण आबा सुनेच्या बाजूने बोललेही नाहीत. कुंदाबाईने माझ्यावर कापड घातले, किल्ली टेबलावर ठेवली आणि ती निघाली. पुढे नवऱ्याची बदली धुळ्याला झाली, ती तिकडेच राहिली. आणि भाऊ? दोन वर्षांत ते आणखी मोठ्या संस्थेवर निवडून आले.

मला परत कोणी सुरू केले नाही. लोक दर सोमवारी भिंतीवर खडूने स्वतःच लिहू लागले, आणि त्यांचे काम चालले. मी कापडाखाली राहिलो. पाली माझ्या पाठीमागे अंडी घालून गेल्या. मग संस्थेने मला तुमच्या शाळेला देऊन टाकले आणि दानाची पावती घेतली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणत नाही. पण काल कोठीच्या फटीतून मी एक पाहुणा बघितला. स्वच्छ शर्ट, गोड बोलणे. त्याची कंपनी शाळेला नवे संगणक फुकट देणार आहे. त्याबदल्यात तुम्ही प्रत्येकाने एक कागद भरून आणायचा. घरी जमीन किती, विहिरीला पाणी किती, पीक कोणते, घरात कोण आजारी असते. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मास्तरांनीही वाजवल्या. कदाचित तो भला माणूस असेल. मला ठाऊक नाही. शालिग्रामभाऊही वाईट दिसत नव्हते.

उद्या तो कागद गोळा करायला येईल. तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी उभे राहून त्याला विचारा, "काका, हे वाचणार कोण?" विचारून खाली बसू नका. उत्तर मिळेपर्यंत कागद हातातच धरा.