रंजूला भात बंद

"रक्त काढा म्हणजे काढा, सिस्टर. या टाइमाले ज्वारीची टेस्ट करून टाका."

मंजुषा सिस्टरनी हातातला ट्रे टेबलावर आपटला. वडशाच्या दवाखान्यात अर्धं आयुष्य गेलं, पण लेकराला सुई टोचून घ्यायला इतकी उतावीळ आई त्यांनी पाहिली नव्हती. समोर ज्योत्स्ना, मांडीवर सात वर्षांची रंजू आणि पायाशी कपड्यांची पिशवी. तपासणी झाली की चांद्याच्या बसने पोर परत जिवतीला, मामाकडे. अंगावरचं पित्त औषधाने बसलं होतं, नाक मात्र अजून वाहत होतं.

मागच्या वर्षीही असंच सर्दीतापात पित्त उठलं. बापाने कुणाचं तरी ऐकून शहरातल्या लॅबमध्ये ॲलर्जीसाठी रक्त तपासून आणलं. तांदळापुढे लाल खूण! उष्टावणापासून भात खाणारी पोर, पण खुणेपुढे कुणाचं काय चालणार? धान पिकवणारं घर, तिथे भातापासून लेकरू किती राखायचं? म्हणून रंजूला जिवतीला धाडलं. तिकडे ज्वारी. इथले डॉक्टर घसा फोडून सांगत राहिले, भात द्या तिला. ऐकतो कोण?

"तिकडं भात खाल्ला का हिनं?" सिस्टरनी विचारलं.

"शीत बी नाई."

"तरी उठलंच ना पित्त?"

"म्हणून तर म्हणून राह्यली, ज्वारीची टेस्ट करा."

सिस्टरचं डोकं फिरलं. "अन् ज्वारीपुढं खूण आली, मंग कुठी धाडशील? अवो बाई, सर्दीतापानं उठते अन् जाते हे! रक्तात खूण दिसली म्हणजे खाल्ल्यावर बाधतेच असं नसते. किती डाव सांगाचं तुले?"

ज्योत्स्ना खाली बघत म्हणाली, "मले का हौस हाय, सिस्टर? हिच्याबिगर घास उतरत नाई. मी बी भात सोडला."

डॉक्टरांना विचारून सिस्टरनी आपला डबा उघडला आणि वरणभात रंजूपुढे ठेवला. रंजूने आधी आईकडे पाहिलं. ज्योत्स्नाने घाबरतच मान डोलावली.

रंजू खात होती. ज्योत्स्ना तिची मान, दंड, गाल पुन्हापुन्हा चाचपत होती. बराच वेळ गेला, अंगावर पित्ताची एक गांधी उठली नाही.

बाहेर हॉर्न वाजला. रंजूचा हात डब्यातच थांबला.

"आई, चांद्याची बस आली. जाचं का?"

ज्योत्स्नाने पिशवी पायाने बाकाखाली सरकवली.

"जाऊ दे तिले," ती म्हणाली, आणि लेकीपुढच्या डब्यातला एक घास उचलून तिने आपल्या तोंडात घातला.