जिथे मी, तिथून गाडी

मी एक खुंटी बोलतेय. हसू नका! दाराआडची, टोप्या टांगायची नव्हे. मी रेल्वेच्या मोजणीची खुंटी. हातभर उंच, डोक्याला लाल रंग आणि त्यावर पांढऱ्या अंकांत सत्तेचाळीस. एवढ्याशा जिवावरून एक अख्खी गल्ली भांडली, तेव्हा जरा तोऱ्यात बोलले तर चालवून घ्या.

माझा जन्म सुताराकडचा. एका वाशातून आम्ही दहा बहिणी निघालो. "यांना कोण बघायला येणारेय?" म्हणत त्याने नुसतं टोक काढलं आणि आम्हाला पोत्यात भरलं. रंधासुद्धा मारला नाही मेल्याने. त्यामुळे माझ्या अंगाला कुसळं राहिली ती राहिलीच. पुढे ती फार उपयोगी पडली.

शहरात नवी रेल्वे सुरू होऊन वर्ष झालं होतं. ती गोदामांपर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. आता पुढे कुठे न्यायची, यावर वाद पेटला. एक प्रस्ताव उत्तरेचा, नव्या उंच इमारतींकडे. दुसरा पूर्वेचा, आमच्या गल्लीवरून थेट मोठ्या इस्पितळापर्यंत. मंजुरी मिळणार होती दोहोंपैकी एकालाच. पूर्वेची मोजणी निघाली आणि मोजणीदारसाहेबांनी मला ठोकलं ते लॉण्ड्रीवाल्या मावशींच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या बरोबर खाली.

"अहो साहेब, हे काय?" मावशी ओल्या हातांनीच धावत आल्या.

"लाइन इथून जाईल मावशी. म्हणजे, मंजूर झाली तर." साहेब तांब्याभर पाणी प्यायले आणि निघून गेले.

मावशींचं सगळं त्या अंगणावर चालायचं. इस्त्री काय, कुणीही करतं. पण पन्नास चादरी एका दिवसात वाळवायला ऊन लागतं आणि जागा लागते. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझा लाल रंग फिका पडला.

गंमत म्हणजे भांडण घरातच लागलं. मावशींची लेक त्या मोठ्या इस्पितळात नर्स. जायला दोन बस, यायला दोन बस. घरी आली की जेवता जेवता तिची मान पडायची, भाताचा घास तसाच हातात.

"आई, ही गाडी आली तर मी वीस मिनिटांत घरी येईन."

"आणि मी चादरी कुठे वाळवू? तुझ्या डोक्यावर?"

"नाही आली तर मी इस्पितळाजवळ खोली घेणार. सांगून ठेवते. खोली बघितलीये मी."

"घे की! मला काय धमक्या देतेस?" मावशी म्हणाल्या खऱ्या, पण त्यानंतर त्यांनी दोनदा धुतलेलंच भांडं परत धुतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्ली पेंगत असताना, मावशींनी मला उपटलं. भिंतीपलीकडे हेडमास्तरांची बाग. ओणव्या होऊन त्यांनी मला तिथे गुलाबांच्या वाफ्यात रोवलं आणि साळसूदपणे पापड पलटायला बसाव्या तशा चादरी उलटायला लागल्या. मोठी गंमत वाटली मला. म्हणजे जिथे मी, तिथून गाडी! मला हलवलं की रूळ हलले! इंजिनियरांनाही नसेल एवढा मान मला मिळाला होता.

संध्याकाळी लेकीने आईच्या बोटातलं कुसळ सुईने काढलं. कुसळाला लाल रंग होता. ते तिने उजेडात धरून पाहिलं, आईकडे पाहिलं आणि फेकून दिलं.

हेडमास्तर निवृत्त झालेले, पण बोलणं मात्र चालू. रोज चौकात सांगायचे, "प्रगती हवी तर त्याग हवा!" सकाळी मी त्यांना गुलाबात दिसले. चष्मा पुसून त्यांनी मला दोनदा वाचलं. मग इकडेतिकडे बघून उपटलं आणि प्रगतीसकट बेकरीवाल्यांच्या मागच्या दारी नेऊन रोवलं. बेकरीवाल्यांनी मला तितक्याच प्रेमाने आणून हेडमास्तरांच्या न्हाणीघरामागे ठोकलं. त्या महिन्यात माझा जेवढा प्रवास झाला, तेवढा त्या गाडीचाही होत नसेल. खरं सांगू? स्टेशन प्रत्येकाला आपल्या कोपऱ्यावर हवं होतं आणि रूळ शेजाऱ्याच्या घरातून.

मोजणीदारसाहेब पुन्हा आले तेव्हा वही उघडून डोकं खाजवत बसले. "मागच्या खेपेला गाडी अंगणातून जात होती. आज न्हाणीघरातून जातेय!" त्यांना काय सांगणार? मला तोंड असतं तर पोट धरून हसले असते. पण साहेब उद्या येतो म्हणून गेले आणि माझं हसू जिरलं. घाबरलेल्या हेडमास्तरांनी मला उचलून बेकरीच्या सरपणात खुपसलं. समोर भट्टी धडधडत होती! दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला शोधून बाहेर ओढलं, तेव्हा माझ्यापुढे फक्त चार लाकडं उरली होती.

मग आली दोन्ही प्रस्तावांची सुनावणी. शाळेच्या सभागृहात अख्खी गल्ली लोटली. उत्तरेकडचे लोकही इस्त्रीच्या कपड्यांत हजर. मला अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवलं होतं. हेडमास्तर त्यागावर बोलले. बेकरीवाले हेडमास्तरांच्या त्यागावर बोलले. शेवटी अध्यक्षबाईंनी मला उचलून सगळ्यांना दाखवलं.

"पूर्वेच्या वळणाची सगळी मापं या खुंटीवरून घेतलीत. ही मुळात कुठे होती?"

मोजणीदारसाहेब मान खाली घालून बसले. वहीत नुसतं 'अंगण' लिहिलेलं आणि गल्लीतली सगळी अंगणं त्यांना सारखीच दिसत होती.

"सांगता येत नसेल तर पूर्वेचा प्रस्ताव बाद. मी उत्तरेचा पुढे पाठवते."

मावशींनी पदराने कपाळ पुसलं. झालं! अंगण वाचलं. नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरची लेक उठली. मावशींनी खुर्चीची कड घट्ट धरली. मला धरायलाही काही नव्हतं.

"बोला, तुम्हाला काही सांगायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

लेकीने आईकडे पाहिलं. आईची पांढरी पडलेली, साबणाने खाल्लेली बोटं पाहिली. "नाही," ती म्हणाली. "ड्यूटी आहे. मी निघते." आणि पिशवी खांद्याला लावून ती दाराकडे वळली.

"थांब!" मावशी ओरडल्या. "आणि बाई, तुम्हीपण थांबा. खुंटी माझ्या अंगणात होती. मी उपटली."

सभागृहात एकच गलका. हेडमास्तर मोठ्यांदा म्हणाले, "छे छे, काय ही वृत्ती!"

"तुम्ही बोलूच नका, मास्तर! ज्यांच्या ज्यांच्या बोटांत लाल कुसळं गेलीत, त्यांनी हात वर करा."

हात कुणीच वर केला नाही. हेडमास्तरांनी तर दोन्ही हात खिशात घातले. बेकरीवाल्यांनी मुठी आवळल्या. अध्यक्षबाईंना हसू आवरेना.

"परत ठोका ती," मावशी म्हणाल्या. "अंगण जाऊ दे माझं. पोरगी जेवता जेवता झोपते हो."

"आई, अगं..."

"तू गप्प बस! मघाशी बसलीस ना, तशीच."

महिन्याभराने पूर्वेचा प्रस्ताव मंजूर झाला. मला ठोकायला साहेब आले, तेव्हा मावशींनी पायाच्या अंगठ्याने जागा दाखवली. "इथे. बोटभरही इकडेतिकडे नको." लेकीने खोली घेतली नाही. अजून दोन बस बदलते, अजून ताटावर पेंगते. अंगण जाणार म्हणून मावशी आतापासूनच गच्चीवर चादरी वाळवतात. बादली घेऊन चढताना प्रत्येक पायरीला मला एक शिवी असते. मी मोजते. चौदा पायऱ्या आहेत.

माझे दिवस थोडे उरलेत. यंत्रं आली की पहिली उचलतील ती मला. तक्रार नाही. फक्त पुढे कुठे अशी लाल डोक्याची खुंटी दिसली, तर तिला हात लावण्याआधी आपल्या घरातल्या माणसांना एकदा विचारा, एवढंच मागणं.

परवा जोराचा वारा सुटला आणि मी जमिनीतून सुटून कलंडले. मावशी गच्चीवरून उतरल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्या माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग वाकल्या, दगड उचलला आणि माझ्या डोक्यावर असे चार घाव घातले की मी वीतभर खाली गेले.

"नीट उभी राहा," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीची गाडी यायचीये."