लिउफ्स आणि एक शाल

प्रेम अमर असतं. युरोपातल्या जुन्या गॉथ लोकांचंही असणार. फक्त ते लोक आणि त्यांची भाषा दोन्ही संपून काही शतकं झाली. मागे राहिलं 'लिउफ्स' हे विशेषण. अर्थ प्रिय, लाडका. आणि खारघरच्या आमच्या कॉलेजात राहिले कमळाकर सर, ज्यांनी या एका विशेषणावर उमेदीची वर्षं घालवली.

महिनाअखेरीस सर निवृत्त होणार होते. त्याआधी एकदा त्या विशेषणावरचा आपला निबंध माणसांसमोर वाचायचा, एवढीच त्यांची इच्छा. प्राचार्य चंद्रशेखर यांनी चर्चासत्र ठेवलं, कारण तपासणी समिती येणार होती आणि फायलीत चर्चासत्र नव्हतं. मुलांना हजेरीच्या बोलीवर बसवलं.

दीपप्रज्वलन झालं. पंख्याने ज्योत विझली, म्हणून पुन्हा झालं. मग सत्कार. प्रायोजक धनाजीशेठ सिमेंटवाले यांचा प्राचार्यांनी केला, प्राचार्यांचा धनाजीशेठनी. शाली आणून देणाऱ्यांना तसंच कसं पाठवायचं, म्हणून त्यांचाही. आपल्याकडे सत्कार सर्दीसारखा असतो; जवळ आला त्याला होतो. सरांनाही झाला. व्यासपीठावर घाम, निशिगंध आणि मागे उघडलेल्या पुलावाच्या पातेल्यांचा मिळून एकच वास झाला होता.

तेवढ्यात धनाजीशेठचे व्याही आले. शाली संपलेल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या शर्मिला मॅडम सरांच्या मागे आल्या आणि त्यांच्या खांद्यावरची शाल हळूच ओढून घेतली.

"सर, तुम्ही काय, घरचेच."

सरांच्या मानेच्या घामासकट ती व्याह्यांच्या खांद्यावर गेली. टाळ्या पडल्या.

मग सर उठले. म्हणाले, संस्कृतातला लुभ् धातू, आपला लोभ, इंग्रजीतलं लव्ह आणि हे लिउफ्स, सगळी एका घरची भावंडं. मुलं घड्याळाकडे बघत होती. मग सर विभक्त्यांकडे वळले. प्रथमा लिउफ्स, द्वितीया लिउबना, चतुर्थी लिउबम्मा. धनाजीशेठनी ढेकर दिली, तीही उपाशीपोटी.

प्राचार्य सरांच्या कानाशी वाकले, पण माइक चालू होता. "आटपा सर. शेठना न्हावा शेव्याला जायचंय, पुलाव गार होतोय."

"षष्ठी राहिलीय," सर म्हणाले.

"वाटलेल्या कागदात आहे ना? मग झालं की."

'झालं' एवढं ऐकून सभागृह उठलं. सर 'लिउबिस' म्हणाले ते खुर्च्यांच्या खरखराटात गेलं.

प्लेटा इतक्या पातळ की तेल खाली उतरत होतं, म्हणून प्रत्येकाने खाली सरांचा कागद धरला. पुल्लिंगावर रायतं सांडलं, स्त्रीलिंगावर गुलाबजामचा पाक. नपुंसकलिंगावर कुणीतरी चावलेली लवंग थुंकली होती. जमिनीवर पडलेली विशेषणं चपलांना चिकटून दारापर्यंत गेली.

बेसिनला पाणी नव्हतं. व्याह्यांनी आधी बोटं, मग मिशी, मग दातांत अडकलेलं काहीतरी, असं सगळं शालीच्या टोकाने निगुतीने पुसलं आणि शाल खुर्चीवर टाकून ते शेठच्या गाडीत बसले.

सर अजून माइकपाशीच उभे होते. पुढची पानं हातात तशीच.

शर्मिला मॅडमनी शालीची घडी घातली, हळदीची बाजू आत घेऊन, आणि ती सरांपुढे धरली. "सर, तुमची राहिली होती."

सरांनी ती दोन बोटांत धरली. निबंध एका पिशवीत घातला, शाल दुसरीत.

शाल पॉलिएस्टरची होती. डाग एका धुण्यात निघाला.