तीन सेंटिमीटरचा राजीनामा

अध्यक्षांनी राजीनामा द्यावा की नाही, यावर जलतरण संघटनेच्या कचेरीत सकाळपासून चहाच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या.

प्रकरण तसं सरळ होतं. तलावाच्या दोन्ही टोकांच्या भिंतींवर गवंड्याने जुन्या फरश्या न उखडताच नव्या चढवल्या आणि पन्नास मीटरचा तलाव तीन सेंटिमीटर आखूड झाला. मोजणीवाल्याने तसं तेव्हाच लिहून दिलं होतं. अध्यक्षांनी तो कागद खणात सारला आणि दोन वर्षं विक्रमांवर विक्रम साजरे केले. आता कागद वर्तमानपत्रात आला आणि अकरा विक्रम रद्द झाले. त्यातले चार एकट्या बेडकीचे. ही अध्यक्षांच्या शेजाऱ्यांची सोळा वर्षांची मुलगी, पाण्यातून बाहेर निघेल तर शपथ.

वर्तमानपत्राला अध्यक्ष भीत नव्हते, बेडकीला भीत होते. खुर्चीत राहिलं तर तिला संघटनेचं छापील पत्र गेलं असतं आणि यांना तिच्यासमोर न जाता कचेरीतच बसता आलं असतं.

"तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं हो!" चिटणीस म्हणाले. "चौकशी समिती नेमू. अहवाल येईपर्यंत लोक विसरतात."

"चूक गवंड्याची आणि जायचं तुम्ही?" उपाध्यक्ष म्हणाले. "हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

अध्यक्षांना ऐकायला गोड वाटलं, खोटं कशाला बोला? एकोणीस वर्षांची खुर्ची होती.

"संन्यासी कसला?" अध्यक्ष शेवटी म्हणाले. "फरशी त्याने लावली, कागद मी लपवला." दोन ओळी खरडून त्यांनी सही ठोकली आणि चप्पल घातली.

बेडकी रिकाम्या तलावाच्या काठावर बसून फरश्या फोडणाऱ्यांकडे बघत होती.

"तुझे विक्रम माझ्यामुळे गेले," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. राजीनामा दिला मी."

"बरं केलंत, काका. नाहीतर जन्मात बोलले नसते तुमच्याशी."

"रागावलीस?"

"खूप." ती उठली. "पलीकडच्या शाळेचा तलाव मिळालाय सरावाला. घड्याळ लावून वेळ नोंदवायला कुणी नाही. तुम्ही आता रिकामेच ना?"

कित्येक दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

"येतो," ते म्हणाले. "पण आधी तो तलाव मोजायचा."

"मी मोजलाय. बरोबर पन्नास."

"तरी मोजायचा."

बेडकी हसली आणि मोजायची फीत मागायला गवंड्याकडे पळाली.